एक शेत, दोन मर: जत तालुक्यातल्या कापसाचं प्रकरण

अभ्यासासाठी एक शेत डोळ्यांसमोर धरू. जत तालुक्याच्या पूर्वेला, उमदी-संखच्या पट्ट्यात, ओढ्याकाठची दीड एकर काळी जमीन. खालच्या एकरात अमेरिकन कापसाचा बीटी संकर, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारा. वरच्या बांधाला लागून अर्धा एकर देशी कापूस, त्याची सरकी कर्नाटकातल्या पाहुण्यांकडून आलेली. पेरणी जूनअखेरची. जुलै-ऑगस्ट या भागाच्या रीतीप्रमाणे कोरडेच गेले. सप्टेंबरात दोन रात्री मुसळधार पाऊस झाला आणि खालच्या अंगाला दोन दिवस पाणी तुंबलं. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि दुपारपर्यंत बीटीच्या भरल्या बोंडांच्या झाडांनी माना टाकल्या. वरच्या देशी पट्ट्यात तर त्याआधी तीन आठवड्यांपासून एकेक झाड जातच होतं.

मालकाने दोन्हीकडे एकच आळवणी केली, म्हणजे बुंध्याशी औषधाचं पाणी ओतलं: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, लिटरला एक ग्रॅम. आठवडाभरात बीटीतली बरीच झाडं सावरली, काही वाळली. देशीतली मर, म्हणजे झाडं सुकून जाणं, मात्र थांबेना. दुकानातून उत्तर आलं, "यंदाचा माल हलका आलाय, जरा जास्त घाला." माल हलका नव्हता. या शेतात दोन वेगळ्या गोष्टी घडत होत्या आणि त्यातली एक तर बुरशीची नव्हतीच. बीटीची झाडं सावरली ती वाफसा आल्यामुळे, म्हणजे पाणी ओसरून मातीत पुन्हा हवा खेळू लागल्यामुळे, श्रेय मात्र औषधाला मिळालं. अशी चुकीची शाबासकी पुढच्या वर्षीचा खर्च ठरवते, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

खोड चिरून पाहणं

पूर्ण वाळलेलं झाड तपासायला घेऊ नये. मेलेल्या लाकडावर कुठलीही बुरशी वाढते आणि खरा गुन्हेगार झाकला जातो. अर्धवट सुकलेलं, खालची पानं पिवळी आणि शेंडा अजून हिरवा असं झाड घ्यावं. जमीन ओली असताना कुदळीने बाजूची माती सैल करून सोटमुळासकट उपटावं. जमिनीच्या वर दोन बोटांवर विळ्याने तिरका छेद घ्यावा, मग तिथून मुळाच्या टोकापर्यंत उभी चीर द्यावी.

देशी झाडाच्या आडव्या छेदात सालीच्या आत तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसतं आणि उभ्या चिरेत त्याच ठिपक्यांच्या काळपट रेघा होतात. कधी कडं अर्धंच असतं. तेव्हा झाडाकडे परत बघावं, पानंही बहुतेक त्याच बाजूची सुकलेली असतात, कारण त्या बाजूच्या जलवाहिन्या बंद पडलेल्या असतात. साल घट्ट असते, मुळं कुजलेली नसतात. मूळ सहज उपटून येत असेल, सालीच्या चिंध्या होत असतील, आत चिकट पिवळेपणा असेल तर ती मूळकूज, तिची गोष्ट निराळी.

बीटीच्या झाडाचं लाकूड मात्र चिरल्यावर पांढरंशुभ्र निघतं. पानं पिवळी न पडता हिरवीच लोंबलेली, सगळी एकदम. ही आकस्मिक मर, इंग्रजी नावाने पॅराविल्ट. पाण्याचा ताण, मग अचानक भरपूर पाणी, मग कडक ऊन, आणि अंगावर बोंडांचा भार, या चौकडीतून ती येते. बीटीमुळे ती आली असं गावोगाव ऐकू येतं. पण बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि जोमदार संकरांमध्ये ही मर त्याआधीच नोंदली गेली होती. उलट बाजूने, बीटी आहे म्हणजे मर येणार नाही ही समजूतही तितकीच पोकळ. बीटीचं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातल्या ठरावीक जागी चिकटून काम करतं. बुरशीला आतडंच नसतं.

शंका उरली तर खोडाचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवून, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन बटाटा-आगर माध्यमावर २५ अंशांना ठेवतात. चार-पाच दिवसांत पांढरी, खालून जांभळट छटेची वाढ आणि सूक्ष्मदर्शकाखाली होडीसारखे वाकलेले बीजाणू दिसले, की ती मर आणणारी बुरशी, फ्युसॅरियम. पण हीच प्रजाती मुळांभोवती निरुपद्रवी रूपातही राहते. म्हणून जलवाहिनीतून मिळालेल्या वाढीलाच अर्थ आहे, मातीतून मिळालेल्या नाही.

त्याच मातीत एक मरतो, दुसरा टिकतो

कापसावर मर आणणारा फ्युसॅरियम ऑक्सिस्पोरमचा उपप्रकार ॲटकिन्सन यांनी अमेरिकेत १८९२ मध्ये वर्णिला. तिकडे तो रेताड, आम्ल जमिनीत आणि सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या, जोडीने माजतो. भारतातला प्रकार वेगळा: भारी, काळी, किंचित विम्ल जमीन त्याला मानवते आणि तो मुख्यतः देशी कापसावर येतो. १९६० मध्ये आर्मस्ट्राँग यांनी भारतातल्या या प्रकाराला रेस ४ असा क्रमांक दिला (रेस म्हणजे एकाच बुरशीचा, ठरावीक झाडांवरच चालणारा पोटगट). आपल्याकडचा अमेरिकन कापूस त्याला सहसा दाद देत नाही. म्हणूनच या शेतात देशी पट्टा काळ्या रेघांनी मेला आणि बांधाखालचा बीटी पांढऱ्या लाकडाचा राहिला. पण 'अमेरिकन कापसाला मर येत नाही' हा जगभर लागू होणारा नियम नाही. कॅलिफोर्नियात या शतकाच्या सुरुवातीला सापडलेल्या रेस ४ ने लांब धाग्याच्या पिमा कापसाचं मोठं नुकसान केलं, तिथल्या अमेरिकन वाणांनाही सोडलं नाही, आणि सूत्रकृमींची मदतही घेतली नाही. प्रतिकार हा झाडाच्या ताकदीचा गुण नाही. तो ठरावीक झाड आणि ठरावीक बुरशी यांच्यातला हिशेब आहे. खतं वाढवून तो विकत घेता येत नाही.

हा हिशेब कुठे होतो ते पाहायला मुळाच्या आत जावं लागतं.

बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतात. मुळातून झिरपणाऱ्या साखरा आणि आम्लं लागली की ते अंकुरतात आणि मुळाच्या कोवळ्या टोकातून, किंवा कोळपणीत तुटलेल्या जागेतून, आत शिरतात. जलवाहिनीपर्यंत पोचलेली बुरशी तिथे बारीक बीजाणू सोडते. ५ ते १२ मायक्रॉन लांबीचे हे कण वर चढणाऱ्या रसाबरोबर वाहत जातात, वाहिनीच्या जोडावर अडकतात, तिथे उगवून पलीकडे जातात आणि पुन्हा बीजाणू सोडतात. पाट जसा एका बाऱ्यातून दुसऱ्यात जातो तसा हा प्रवास. वाटेत पेक्टिन (पेशींना जोडणारा पदार्थ) विरघळवणारी विकरं, म्हणजे एन्झाइमं, भिंती चिकट करतात आणि काही रेस फ्युसॅरिक आम्ल सोडून पेशींचे पडदे फोडतात. पानं सुकतात ती नळी तुंबल्यामुळे, आणि तुंबवण्यात झाडाचाही हात असतो.

कारण झाडाचा बचावही नळी बंद करण्याचाच आहे. वाहिनीला खेटून असलेल्या जिवंत पेशी वाहिनीच्या भिंतीतल्या खळग्यांतून फुग्यासारख्या आत घुसतात. या फुग्यांना टायलोस म्हणतात. संसर्गानंतर एक-दोन दिवसांत, बीजाणूंची पहिली तुकडी अजून मुळातच असताना, टायलोसने वाट बंद केली तर दोन-चार वाहिन्या जातात आणि झाड वाचतं. हाच बांध आठवड्याने पडला तर बुरशी तोवर खोडात वर पोचलेली असते. मग झाड तिच्यामागे धावत एकेक वाहिनी बंद करत सुटतं आणि स्वतःच तहानेने मरतं. देशी झाडाच्या खोडातल्या काळ्या रेघा म्हणजे हाच उशिरा घातलेला बांध: डिंक, टायलोस आणि त्यात साचून काळे पडलेले फिनॉल.

म्हणजे सगळा प्रश्न ओळख किती लवकर पटते याचा. बुरशीची भिंत कायटिनची असते. झाड कायटिनेज नावाचं विकर बाहेर सोडून तिचे तुकडे करतं. सात-आठ साखरांच्या लांबीचे तुकडे पेशीच्या पडद्यावरच्या लायसिन-एम बनावटीच्या ग्राहक प्रथिनांना चिकटतात. काही मिनिटांत कॅल्शियम आत घुसतं, पडद्यावरचं आरबीओएच विकर हायड्रोजन पेरॉक्साइडची भट्टी पेटवतं, काइनेज विकरांची साखळी निरोप केंद्रकापर्यंत नेते आणि डब्ल्यूआरकेवाय गटातली प्रथिनं संरक्षक जनुकं चालू करतात. पेरॉक्साइडचा दुसरा उपयोग लिग्निनची भिंत पक्की करण्यासाठी होतो.

बुरशी हे सगळं गप्प बसून बघत नाही. कापसावरच मर आणणारी दुसरी बुरशी म्हणजे व्हर्टिसिलियम, आणि तिच्यावरचा २०१९ चा अभ्यास इथे बोलका आहे. कापूस कायटिनेज २८ हे विकर सोडतो. व्हर्टिसिलियम ते कापणारं सेरीन प्रोटिएज पाठवते. त्यावर कापसाचं सीआरआर१ हे प्रथिन कायटिनेजला चिकटून त्याला त्या कात्रीपासून वाचवतं. हत्यार, हत्यार मोडणारं हत्यार आणि त्यावरची ढाल, तिन्ही पेशींच्या मधल्या ओलसर फटीत. वाण प्रतिकारक आहे असं आपण म्हणतो तेव्हा अशा एखाद्या ढालीचा नेमका तुकडा त्याच्याकडे असतो.

रासायनिक मारा वेगळाच. कापसाचं स्वतःचं विष म्हणजे गॉसिपॉलच्या कुळातली टर्पेन रसायनं. फार्नेसिल डायफॉस्फेटपासून कॅडिनीन सिंथेज हे विकर कॅडिनीन बनवतं, त्यापासून पुढच्या पायऱ्यांनी डिसऑक्सिहेमिगॉसिपॉल, मग हेमिगॉसिपॉल, आणि हेमिगॉसिपॉलचे दोन रेणू जुळून गॉसिपॉल. सरकीच्या पेंडीमुळे ज्याचं नाव गोठ्यापर्यंत पोचलंय ते हे गॉसिपॉल. वाहिनीत बुरशीला सर्वांत जड जातं ते मात्र सुरुवातीचं डिसऑक्सिहेमिगॉसिपॉल, कारण ते रसात त्यातल्या त्यात जास्त विरघळतं. टायलोसने वाट अडवायची आणि अडकलेल्या बीजाणूंवर हे रसायन सोडायचं, अशी ही दोन हातांची पकड. बांध आहे पण विष नाही, तर बीजाणू उगवून पार होतात. विष आहे पण बांध नाही, तर रसाच्या ओघात ते पातळ होऊन वाहून जातं.

ठरावीक रेसला ठरावीक जनुक कसं थोपवतं याचं कापसातलं ठळक उदाहरण २०२१ चं आहे. चीनमधल्या रेस ७ ला रोखणारं जनुक अमेरिकन कापसाच्या डी०३ गुणसूत्रावर सापडलं. ते ग्लुटामेट-ग्राहकासारखं, कॅल्शियमचं दार असलेलं प्रथिन बनवतं. जनुकातलं एक अक्षर बदललं की प्रथिनात ल्युसिनच्या ठिकाणी आयसोल्युसिन येतं की नाही ते ठरतं, आणि त्या एका बदलावर प्रतिकार अवलंबून असल्याचं दिसलं. जनुक कापणाऱ्या तंत्राने ते बंद केल्यावर झाडं रोगाला सहज बळी पडली. अमेरिकन कापसात ए आणि डी असे दोन जनुकसंच, ५२ गुणसूत्रं. देशीत फक्त ए, २६ गुणसूत्रं. म्हणून साध्या संकराने डी संचातलं जनुक देशीत आणणं जिकिरीचं, आणि संततीत बहुधा वांझपणा येतो. हे जनुक रेस ७ चं आहे. जतच्या काळ्या मातीतल्या रेस ४ साठी ते चालेल असं गृहीत धरून कुणी बियाणं विकत असेल, तर पावती मागून घ्यावी.

आणखी एक शोध सांगायचा मोह आवरत नाही. २०१६ मध्ये दिसून आलं की कापूस आपले सूक्ष्म आरएनए, क्रमांक १५९ आणि १६६, व्हर्टिसिलियमच्या पेशीत पोचवतो आणि तिची रोगकारक जनुकं तिच्याच घरात बंद करतो. शत्रूच्या वाड्यात खोट्या सहीची चिठ्ठी पाठवण्यासारखं.

बीटीचं काय झालं

पाणी तुंबल्यावर मातीतला प्राणवायू संपतो. मुळांच्या पेशी आंबवणीवर जगू लागतात आणि पेशीरसाची आम्लता वाढते. त्या आम्लतेने पाणी आत घेणारी ॲक्वापोरिन प्रथिनांची दारं मिटतात. म्हणून झाड घोटाभर पाण्यात उभं राहून तहानेने माना टाकतं. त्याच वेळी मुळं एसीसी नावाचं रसायन बनवतात. त्याचं इथिलिन (पानं-फळं गळवणारा वायू) व्हायला प्राणवायू लागतो, तो मुळांत नाही. एसीसी रसाबरोबर पानांत चढतं, तिथे प्राणवायू मिळतो, इथिलिन तयार होतं, आणि पानं-पाते-बोंडं गळू लागतात. अशा झाडांवर कोबाल्ट क्लोराइड फवारायला सांगतात, त्यामागचं कारण इथेच आहे: कोबाल्ट एसीसीचं इथिलिन करणाऱ्या विकराला अडवतो. म्हणून ती माना टाकल्यावर २४ ते ४८ तासांतच उपयोगी. आठवड्याने फवारलं तर इथिलिनचं काम उरकलेलं असतं.

मात्रा १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), म्हणजे २०० लिटरच्या बॅरलला २ ग्रॅम. घरातल्या वजनकाट्यावर २ ग्रॅम मोजू नये, दहापट चूक सहज होते. १० ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं २०० मिली घेणं सोपं. हे रसायन विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळावं आणि ते पाणी जनावरांच्या हौदाजवळ नको.

त्याआधीचं काम फावड्याचं: चर काढून तुंबलेलं पाणी बाहेर काढणं. ते न करता केलेली कुठलीही आळवणी म्हणजे चिबडात, पाणथळ जमिनीत, आणखी पाणी. पाणी निघाल्यावर १० लिटरला २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड असं द्रावण झाडाला १५० मिली बुंध्याशी देतात. युरिया-पोटॅश लगेच उचललं जातं, कॉपर ऑक्सिक्लोराइड अशक्त मुळांवरच्या संधिसाधू बुरशीला आवरतं. मग बुंध्याजवळची माती पायाने दाबून घ्यायची.

देशी पट्ट्याचं काय

इथे आळवणी हरते याचं कारण आता उघड आहे. बुरशी वाहिनीत, आणि ती वाहिनी टायलोस-डिंकाने बंद. कार्बेन्डाझिम रसाबरोबर चढणारं औषध, रसच चढत नाही तर ते पोचणार कसं? रेघा दिसू लागलेलं झाड गेलं असंच समजावं. ते मुळासकट काढून शेताबाहेर जाळावं. रोटाव्हेटरने काड्या मातीत मिसळणं हा या रोगात सर्वांत महागडा शॉर्टकट, कारण बुरशीचं सगळं भांडवल त्या काड्यांत असतं. रोगट तुकड्यातून पाट खाली जात असेल तर तो वळवावा.

सरकीचाही हिशेब करायला हवा. पाहुण्यांकडची सरकी घरी ठेवलेली असेल तर रोग तिच्याबरोबर आत आला असण्याची शक्यता आहे. किलोला १०० मिली तीव्र गंधकाम्ल वापरून दोन-तीन मिनिटांत तंतू जाळले आणि लगेच भरपूर पाण्याने धुतलं, की वरचे बीजाणू जातात. सालीच्या आतली बुरशी त्याने मरत नाही. त्यामुळे रोगट शेतातली सरकी बी म्हणून वापरूच नये. प्लास्टिकची बादली, लाकडी दांडा, आणि आम्ल नेहमी सरकीवर हळूहळू, पाणी आम्लात कधीच नाही.

बेवड म्हणून, म्हणजे कापसाआधीचं फेरपालटाचं पीक म्हणून, शाळू किंवा बाजरी चांगली, पण एका हंगामाच्या फेरपालटाने झोपलेले बीजाणू संपत नाहीत, फक्त उपाशी राहून कमी होतात. एप्रिल-मेमध्ये पट्टा ओलवून २५ मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे अंथरलं तर वरच्या थराला चांगला चटका बसतो. जतच्या उन्हाचा एवढा एक फायदा. काळं प्लास्टिक अंथरलं तर माती तितकी तापत नाही, ही चूक नेहमी होते. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी सरकीला किलोमागे १० ग्रॅम चोळावी, आणि शेणखतात मुरवून जमिनीतही द्यावी. ती बुरशी मुळाभोवती जागा अडवते, कायटिन पचवते आणि झाडाचा गजर थोडा आधी वाजवते. कार्बेन्डाझिम लावलेल्या सरकीवरच ट्रायकोडर्मा चोळली तर तिचे पैसे वाया.

पुढच्या खरिपात या पट्ट्यात काय पेरायचं ते कुंड्यांना विचारावं. रोगट झाडांच्या मुळाजवळची वरची २० सेंटिमीटर माती घेऊन दहा कुंड्या भराव्यात, प्रत्येकी दोन किलो. आणखी दोन कुंड्यांत तीच माती, पण लागोपाठ दोन दिवस कुकरमध्ये तासभर वाफवून गार केलेली. पाच कुंड्यांत देशी, पाचांत अमेरिकन, वाफवलेल्यांत दोन्ही एकेक. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ बरा, मातीचं तापमान २० ते २८ अंशांत राहतं. जास्त उन्हात रोग दबतो आणि माती निरोगी असल्याचा भास होतो. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी न सुकलेली झाडंही चिरून बघावीत. अमेरिकन झाड वरून टवटवीत आणि मुळात मात्र दोन-चार तपकिरी ठिपके, असं निघू शकतं. ते ठिपके म्हणजे वेळेत घातलेला बांध. तेच ठिपके खोडात पानांच्या देठापर्यंत चढलेले दिसले, तर या मातीतली रेस नेहमीची नाही. मग त्या खोडाचा तुकडा कागदी पिशवीत घालून, प्लास्टिकमध्ये नव्हे, कृषी विद्यापीठाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडे त्याच आठवड्यात पाठवावा.